काकूंच्या टेपरेकॉर्डरमधला आवाज

काकूंच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दाराबाहेर चपलांचा ढीग, खिडकीच्या गजांना चिकटलेली माणसं आणि मधोमध टेबलावर एक जुना टेपरेकॉर्डर. बटण चालू, आत कॅसेट नाही, तरी तो बोलत होता. तोंडात गुळणी धरून कुणी घाईघाईनं बोलावं तसा आवाज. शब्द एकही कळत नव्हता. पण टेपरेकॉर्डर काकूंच्या वारलेल्या यजमानांचा, तेव्हा आवाजही त्यांचाच, असं गल्लीनं ठरवून टाकलं होतं.

हे मी ऐकीव सांगतो आहे. आवाज यायचा तेव्हा मी नेमका तिथे नसायचो. मी वरच्या मजल्यावर, माझ्या हौशी रेडिओच्या बिनतारी संचापुढे बसलेला असायचो.

कुणाच्या तरी ओळखीनं एक महाराज आले आणि आवाजाचा अर्थ सांगू लागले. "आत्म्याला दात नसतात, म्हणून उच्चार स्पष्ट येत नाहीत," ते म्हणायचे. "दोष वाणीत नाही, आपल्या कानांत आहे." पहिल्या दिवशी आत्म्यानं काकूंची खुशाली विचारली. मग ही खोली महाराजांच्या साधनेसाठी द्यावी, अशी इच्छा सांगितली. आणि एके दिवशी सांगितलं, की रक्तदाबाच्या गोळ्या बंद कर, तुझं मी बघतो. काकूंनी गोळ्या बंद केल्या.

आता मात्र माझ्यातला बुद्धिवादी जागा झाला. मी खाली गेलो, घसा साफ केला आणि ध्वनिशास्त्रावर छोटंसं भाषण दिलं. टेपरेकॉर्डर गप्प. महाराज डोळे मिटून म्हणाले, "अविश्वासी माणूस समोर असला की आत्मा बोलत नाही."

मी वर जाऊन रेडिओ लावला मात्र, खाली आवाज सुरू. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, पुन्हा तेच. मी गेलो की शांतता, मी वर गेलो की वाणी. खरं सांगतो, माझाही धीर सुटायला लागला होता.

काकूंना गोळी घ्यायला लावावी म्हणून बायको खाली गेली. थोड्याच वेळात ती वर आली आणि माझ्या दारात उभी राहिली. मी माईकवर दूरगावच्या मित्राशी बोलत होतो.

"तुम्ही दर वाक्याआधी दोनदा खाकरता," ती म्हणाली.

"मग?"

"खालचा आत्माही खाकरतो. आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसतो. इतक्या वर्षांच्या संसारात मला दुसरं असं कुणी भेटलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. मी वर माईक घेऊन बसलो, बायको मला लावलेला फोन घेऊन खाली. आवाज सुरू झाला. महाराजांनी अर्थ सांगितला, "आत्मा म्हणतो, खोलीचा निर्णय लवकर घे."

बायकोनं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. "थांबा," ती मला म्हणाली. आवाज थांबला. "बोला." आवाज आला. "पुन्हा थांबा. आत्ता नेमकं काय म्हणालात?"

"म्हटलं, मान फार दुखते. उशी बदलून बघतो."

महाराज म्हणाले, "आत्मा यांच्या मुखातून बोलतो आहे."

"मग मान कुणाची दुखते?" बायकोनं विचारलं. खिडकीतून पहिलं हसू फुटलं. त्या संध्याकाळीच महाराज गेले.

दोष माझा होता. रेडिओची ताकद वाढवायला मी नवा ॲम्प्लिफायर जोडला होता. अर्थिंग म्हणून एक बारीक, लांबलचक वायर नळाच्या पाइपाला गुंडाळली. अँटेनाच्या केबलची बाहेरची जाळी सोल्डरनं झाळायची सोडून नुसती पिळून बसवली. अँटेनात जायची ती ताकद केबलच्या अंगावरून, पाइपातून, विजेच्या वायरींतून घरभर सांडली आणि काकूंच्या टेपरेकॉर्डरनं तिचा मोडकातोडका आवाज केला. माईकजवळ माझ्या ओठांना झिणझिण्या येत होत्या, हीसुद्धा त्याचीच खूण. मी मात्र अशक्तपणा समजून टॉनिक घेत होतो.

मी केबल नीट झाळली. रेडिओ, पॉवर सप्लाय आणि ॲम्प्लिफायर या तिघांना आखूड, रुंद तांब्याच्या पट्ट्यांनी एकाच जाड पट्टीला जोडलं. ती पट्टी जमिनीत ठोकलेल्या सळईला आणि इमारतीच्या अर्थिंगलाही जोडून घेतली. मग बायकोला माईकवर बसवलं आणि मी काकूंशेजारी जाऊन बसलो. वर बायको बोलत होती. टेपरेकॉर्डर गप्प होता.

काकूंनी विचारलं, "म्हणजे इतके दिवस मी यांच्याशी मनातलं सगळं बोलत होते, ते कुणीच ऐकत नव्हतं?"

"आता ऐकतो," मी म्हणालो. "सांगा."

त्यांनी आधी गोळी घेतली. मग यजमानांबद्दल बोलल्या, खूप वेळ. त्या दिवशी मी भाषण केलं नाही.

न कळणाऱ्या आवाजाचा अर्थ कुणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याच्या पाया पडण्याआधी आवाज येतो कुठून ते शोधा. औषध थांबवायचं की नाही, ते डॉक्टरांना विचारा. आणि स्वतःला फार शहाणं समजणारा माणूस जवळपास राहत असेल, तर शोधाची सुरुवात त्याच्या घरापासून करा.