मला बदाम तोलायला लावू नका

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे आणि सध्या माझं डोकं तापलेलं आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना हळूच उसासे टाकावेत, अशी तुमची अपेक्षा असेल. आज ते मला जमणार नाही. आधी मनासारखं रागावून घेतो, उसासे मग बघू.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पोटात स्प्रिंग, छातीवर पांढरी तबकडी, तबकडीवर लाल सुई आणि डोक्यावर पत्र्याचं हलकं भांडं. पाठीला एक छोटं चाक आहे. रिकामं भांडं ठेवून ते चाक फिरवायचं, सुई शून्यावर आणायची, की मी कामाला तयार. माझ्याबद्दल एवढं ज्ञान पुरतं, पण तेवढंही लोकांना जड जातं.

मला कारखान्यातून घरी नेलं ते एका केकवाल्या बाईंनी. सगळे त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणतो. मावशींच्या ओट्यावर माझी काय ऐट होती! मैदा, साखर, लोणी, सगळ्यांनी आधी माझ्यापुढे हजेरी लावायची. केक छान फुगला की मावशी हात पुसत म्हणायच्या, "काट्याची कृपा!" पण स्वतःच्या ताटातला घास त्यांनी माझ्यावर कधी ठेवला नाही. भूक लागली की जेवायच्या, पोट भरलं की उठायच्या. मैदा तोलायचा असतो आणि जेवण जेवायचं असतं, हे त्यांना शिकवावं लागलं नव्हतं.

पुढे मावशींचे गुडघे कुरकुरू लागले, त्यांनी केक करणं सोडलं आणि मी त्यांच्या भाचीकडे आलो. भाची शिवणकाम करते. पुढच्या खोलीत तिचं दुकान, मागे स्वयंपाकघर. नवरा पोस्टमन आहे, दिवसभर सायकलवर. या घरी येण्याच्या गडबडीत माझं पत्र्याचं भांडं हरवलं. कुणालाही त्याचं सोयरसुतक नव्हतं. मी कपाटावर धूळ खात पडून राहिलो.

मग भाचीच्या रक्तात साखर वाढली. डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावलं आणि घरी येऊन तिने ते नवऱ्याला सांगितलं, म्हणून मला ठाऊक. "पाव, भात, बटाटा, गोड बंद. अंडी, मासे, चीज, भाज्या पोटभर खायच्या. उपाशी राहायचं नाही म्हणाल्या." किती सोपं होतं! भाचीने ते मनापासून पाळलं. दुपारी पेंग यायची ती थांबली, चेहऱ्यावर तरतरी आली. नवराही तिच्याबरोबर मासे हाणू लागला.

इतक्यात दुकानात एक गिऱ्हाईक आली. माप देता देता भाचीच्या खाण्याचं ऐकून म्हणाली, "अय्या, चीज खाता? आणि कॅलरी मोजत नाही? मग काय उपयोग!" कपड्याचं माप द्यायला आलेली ही बाई दुसऱ्याच्या ताटाचं माप काढून गेली. भाचीच्या डोक्यात किडा वळवळायला तेवढं पुरलं. तिने फोनवर कॅलरी मोजण्याची सोय करून घेतली आणि मला कपाटावरून खाली ओढलं. भांडं नव्हतं, म्हणून चिनी मातीचा जाडजूड वाडगा घेतला. ती ओट्यावरच वाडगा भरायची आणि भरलेला वाडगा आणून माझ्या डोक्यावर आदळायची. माझ्या पाठीच्या चाकाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

मित्रांनो, मग माझे जे हाल झाले ते काय सांगू! ज्याने पोत्यातला मैदा तोलला, त्या माझ्या उघड्या डोक्यावर सुटे बदाम ठेवले. एक ठेवायचा, सुई हलली नाही म्हणून दुसरा ठेवायचा, दुसऱ्याने हलली म्हणून पहिला उचलून परत बरणीत टाकायचा. ऑम्लेट जास्त भरलं की ती त्याची कडा कापडासारखी कात्रीने कापायची. फोन तर एक नंबरचा चोंबडा. जरा चीज वाढलं की लाल अक्षरांत ओरडायचा. आणि ती माझ्याकडे अशी बघायची, जणू शिक्षा मीच सुनावली.

"अगं, बस की आता. गार होतंय सगळं," नवरा म्हणायचा.

"तू सुरू कर. माझं चीज मोजायचं राहिलंय."

तो बिचारा सुरू करायचा आणि संपवायचाही. ती ताटाशी यायची तेव्हा समोर रिकामी खुर्ची असायची. आधी ही दोघं जेवताना भांडायची, हसायची. आता स्वयंपाकघरात माझ्या स्प्रिंगचा तेवढा आवाज. मला बोलता येत नाही, नाहीतर ओरडून सांगितलं असतं, "बाई गं, तू वाडग्याचंही वजन जेवणात धरते आहेस! तुझ्या पोटात निम्मंसुद्धा जात नाही!"

तिची तरतरी गेली. विंचरताना केसांचे पुंजके निघू लागले. तरी फोन शाबासकी देत होता, मेला.

एका दुपारी ती एका मुलीचा लग्नातला पोशाख बेतत होती. कापड त्या मुलीच्या आईने जपून ठेवलेलं, दुसरं मिळणारं नव्हतं. मध्येच कात्री खुणेबाहेर सरकली आणि पुढच्या भागात भलतीच चीर गेली. भाची तिथेच जमिनीवर बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. नशीब की नवरा घरात होता. त्याने तिला धरलं, डॉक्टरीणबाईंना बोलावलं आणि मावशींना निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी काठी टेकत आल्या. भाची तशाही अवस्थेत उकडलेली अंडी वाडग्यात घालून माझ्याकडे घेऊन आली. मावशींनी सुईकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी अंडी ताटलीत काढली आणि रिकामा वाडगा माझ्यावर ठेवला. सुई धावत सुटली.

"अगं, हा रिकामा वाडगा आहे!"

भाची पांढरीफटक पडली. मग म्हणाली, "काटाच बिघडलाय. मेल्याने फसवलं मला!"

ऐकलंत? मी फसवलं! माझी स्प्रिंग रागाने तडकायची बाकी राहिली.

"काट्याला नावं ठेवू नकोस," मावशी कडाडल्या. "शून्य कुणी लावायचं? त्याने?"

भाचीने डोळे पुसले. मग माझ्या चाकाकडे हात नेला. "बरं, आता शून्य लावून नीट मोजते."

म्हणजे पुन्हा तेच! मावशींनी तिचं मनगट धरलं. "ते राहू दे. गळ्यातली टेप काढ आणि माझ्या कमरेचं माप घे."

भाचीला काही कळेना, पण तिने माप घेतलं. सवयीने टेपच्या आत दोन बोटं घातली.

"ही बोटं कशाला गं?"

"मोकळीक नको का, मावशी? माणूस बसणार, वाकणार, श्वास घेणार. अंगाबरोबर शिवलं तर उसवेल ना."

"मग स्वतःला का इतकं घट्ट शिवलंस?"

भाचीच्या हातातून टेप गळून पडली. ती मावशींच्या कुशीत तोंड लपवून रडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

"पण साखर पुन्हा वाढली तर?" तिने हुंदके देत विचारलं.

"पाव-भात खा म्हणतेय का मी? डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ते पाळ. मोजत बस असं त्या कधी म्हणाल्या?"

भाचीने फोनवरची ती सोय काढून टाकली. मावशींनी लोण्यात ऑम्लेट केलं, वर चीज किसलं. ते माझ्या शेजारून थेट टेबलावर गेलं, चारही बाजूंनी शाबूत. नवरा घाबरत म्हणाला, "वजन नाही केलंस?"

"मला भूक लागलीय," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

त्या लग्नाच्या पोशाखातली चीर तिने चुण्यांमध्ये अशी लपवली की ती मुलगी चुण्यांवरच खूश झाली. मी आता पुढच्या दुकानात असतो. माझ्यावर बटणं तोलतात. वाडगा तोच आहे, पण भाची आधी माझं चाक फिरवून शून्य लावते. मी पुन्हा ऐटीत आहे.

मित्रांनो, माझ्याकडून मैदा तोलून घ्या, बटणं तोलून घ्या, मी गुंजभरही खोटं बोलणार नाही. पण अजून एक अंडं खाऊ का, हे मला विचारू नका. मला पोट नाही. ते तुम्हाला आहे, त्याला विचारा. सुट्टीच्या दुपारी भाची आणि पोस्टमन दुकानातच माझ्या शेजारी जेवायला बसतात, भांडतात, हसतात, आणि माझ्याकडे एकदाही बघत नाहीत. माझी काही तक्रार नाही.