ऋताचं उत्तर

गंधालीने बंद पडलेला जुना फोन काउंटरवर ठेवला आणि पर्समधून चार्जरची वायर ओढून काढली.

"हा आत्ताच्या आत्ता चालू व्हायला हवा," ती म्हणाली. "बारा वाजता माझ्या दारात गाडी येणार आहे."

क्लिफर्डने हातातला स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला. बोरीवलीत मार्केटच्या गल्लीत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. तीन आठवड्यांपूर्वी गंधालीने नवा फोन त्याच्याकडूनच घेतला होता. फोनची कंपनी दुसरी, नंबर तोच.

"काय झालं, मॅडम? नव्यात प्रॉब्लेम आहे?"

"मेसेज पोचत नाहीयेत. सगळे नाही. काही जणांचे."

तिला ते आज सकाळीच कळलं होतं. शेजारच्या नलिनीकाकू लिफ्टमध्ये म्हणाल्या होत्या, "टाकी साफ करणार म्हणून दोन मेसेज टाकले तुला. बघत नाहीस का गं?" गंधालीने नवा फोन उघडून दाखवला. काकूंचं नावही त्यात नव्हतं. काकूंचा फोन जुन्या कंपनीचा होता. धाकट्या बहिणीचा, ऋताचा फोनही त्याच कंपनीचा आहे, हे तिला तिथेच, लिफ्टचं दार उघडताना आठवलं.

"असं होतं," क्लिफर्ड वायर लावत म्हणाला. "तुम्ही कंपनी सोडलीत, पण नंबर त्यांच्याकडून काढून घेतला नाहीत. त्यांना वाटतं तुम्ही अजून त्यांच्याच. त्यांचा फोनवाला मेसेज करतो, तो त्यांच्याच रस्त्याने या जुन्या फोनकडे येतो. हा बंद, म्हणून वरच अडकून राहतो."

"आणि नवी कंपनी?"

"ती म्हणते, आमचा काय संबंध? दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. माणूस मध्ये."

"म्हणजे बहिणीने उत्तर दिलं असेल, तर ते यात असेल?"

"असेल तर यातच येणार."

फोनचा पडदा काळाच होता. गंधाली स्टुलावर टेकली आणि लगेच उठली. साडेदहा वाजून गेले होते. घरी दाराशी आईची बॅग भरून ठेवलेली होती. आईजवळ काकू बसल्या होत्या. वसईच्या वृद्धाश्रमातली खोली आजपासून आईच्या नावावर होती.

तीन वर्षं आई गंधालीकडे होती. पडल्यापासून तिला एकटीला बाथरूमलाही जाता येत नव्हतं. दिवसा ठेवलेल्या दोन बायका आल्या आणि गेल्या. गेल्या महिन्यात फोनवर दोघी बहिणींचं वाजलं. "तुला आई जड झाली असेल तर तसं सरळ सांग," असं ऋता मुलुंडहून म्हणाली होती आणि गंधालीने फोन ठेवून दिला होता. त्यानंतर बोलणं नाही. मागच्या गुरुवारी तिने ऋताला मेसेज लिहिला: आईला दोन महिने तुझ्याकडे ने. रविवारपर्यंत तुझं उत्तर आलं नाही तर मी तिला वसईला ठेवते. रविवार गेला. उत्तर आलं नाही. आज बुधवार.

आज सकाळी वेणी घालून घेताना आईने एकच विचारलं होतं. "ऋताला ठाऊक आहे ना?"

"कळवलंय," गंधाली म्हणाली होती.

फोन उजळला. क्लिफर्डने त्याला दुकानाचं वायफाय जोडून दिलं. फोनने खात्याचा पासवर्ड मागितला. गंधालीने घातला तो चुकला. दुसरा घातला, तोही चुकला. ती घाईने तिसरा घालायला निघाली.

"सावकाश, मॅडम. तिसऱ्यांदा चुकला तर हा तासभर बोलायचाच नाही."

तिने डोळे मिटले, मनातल्या मनात अक्षरं म्हटली आणि एकेक दाबलं. फोनने मान्य केलं आणि म्हणाला, खात्री करण्यासाठी तुमच्या दुसऱ्या यंत्रावर कोड पाठवला आहे.

"माझ्याकडे त्यांचं दुसरं काही नाहीये! हाच आहे!"

"थांबा, थांबा. नंबरवर कॉल करा, असं सांगू त्याला." क्लिफर्डने खालच्या कोपऱ्यातली बारीक ओळ दाबली. नव्या फोनची रिंग वाजली. एका यांत्रिक बाईने सहा आकडे सांगितले. गंधाली ते मोठ्याने म्हणत गेली, तो घालत गेला.

मग फोन एकदा थरथरला. पुन्हा. नलिनीकाकू, टाकी. नलिनीकाकू, टाकीचं पुन्हा. डेंटिस्टकडची तारीख. कॉलेजातल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, केकच्या चित्रासकट. गंधालीने काउंटरची कड घट्ट धरली होती. 'नेते' असं लिहिलेलं असलं तर बॅग परत उघडायची, वसईला फोन करायचा. 'नाही जमणार' असलं तर निदान तसं आईला सांगता येईल.

ऋता.

एकच मेसेज होता. 'आईचा खोकला कसा आहे?' बस्स. खाली तारीख होती, दोन आठवड्यांपूर्वीची.

"आला ना?" क्लिफर्डने विचारलं.

"हा नाही. हा आधीचा आहे. मी तिला लिहिलं त्याच्याही आधीचा."

ती थांबली. क्लिफर्डनेही काम हातात घेतलं नाही. पाच मिनिटं फोन तसाच पडून राहिला. त्यानंतर त्यात काही आलं नाही.

"तुम्ही केलेला मेसेज बघू," तो म्हणाला. "नव्यावरून केला होता ना?"

तिने नवा फोन त्याच्यापुढे धरला. तो जरा वाकला, मग त्याने बोट न लावता मेसेजच्या खालची जागा दाखवली. तिथे बारीकसं घड्याळ होतं.

"हा गेलाच नाही, मॅडम. या फोनने आपल्या रस्त्याने पाठवायला घेतला, पुढे तो रस्ताच नाही. लटकलाय गुरुवारपासून. बहिणीला तुम्ही काही विचारलंय हेच माहीत नसणार." त्याने दिलासा देत मान हलवली. "तुमची काहीच चूक नाही. पुन्हा दाबा, आत्ता साधा एसएमएस म्हणून जाईल."

गंधाली त्या घड्याळाकडे बघत राहिली. गुरुवारी रात्री मेसेज लिहून झाल्यावर ते तिला दिसलं होतं. शुक्रवारी सकाळी ते तिथेच होतं. शनिवारी तिने मेसेज उघडलाच नव्हता.

तिने तो मेसेज पुसला आणि ऋताचा नंबर लावला. दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

"आई बरी आहे ना?" ऋताने आधी तेच विचारलं.

"बरी आहे. खोकला गेला. ऋता, मी तिला आज वसईला ठेवायला निघालेय. आश्रमात. बारा वाजता गाडी आहे."

पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता. तो बंद झाला.

"आज? आणि मला आत्ता सांगतेयस? मला आधी विचारायला काय झालं होतं तुला?"

काउंटरपलीकडून क्लिफर्ड दोन्ही फोनांकडे बोट दाखवत होता, सांगा ना, सांगा, असं खुणावत. सांगण्यासारखं सगळं तयार होतं: दोन कंपन्या, अडकलेले मेसेज, चार वाक्यांत पटेल असं. गंधालीने त्याच्याकडे पाठ केली.

"विचारायचंच नव्हतं," ती म्हणाली. "तू हो म्हणाली असतीस तर काय, नाही म्हणाली असतीस तर काय... मला नुसतं संपवायचं होतं गं."

गल्लीतून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. गंधालीने फोन कानावरून काढून पाहिला. सेकंद पुढे सरकत होते.

"आई काय करतेय आत्ता?" अखेर ऋताने विचारलं.

"तयार होऊन बसलीये. बाहेरच्या खोलीत."

"चपला घातल्यात तिच्या पायात?"

"हो. मघाशीच घातल्या."

"घरी जा आणि आधी त्या काढ," ऋता म्हणाली. "मी निघते."