अर्धा ठोका मागं

हात असलेल्या कुणालाही ढोल येतो, असं वीरभद्रप्पा अप्पांचं म्हणणं. सोमशेखरला हात दोन होते, पण त्या दोघांचं आपसांत बोलणं नव्हतं. निजामी जाऊन दोन वर्षं झाली होती. हुलसूरच्या जत्रेत यंदा नवशिक्यांचा ढोलताफा निघणार होता. रोज संध्याकाळी अप्पा देवळापुढं गोल करून तालीम घेत, आणि सगळ्यांचा ठोका पडून गेला की मागाहून सोमशेखरचा पडे, पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा.

म्हणून तो अप्पांच्या डाव्या हाताला बसू लागला. अप्पांचा डावा कान लहानपणीच गेला होता.

घोटाळा एवढाच झाला, की एका कानाच्या माणसाला सगळंच त्या कानाच्या बाजूनं ऐकू येतं. डोळे मिटून ऐकणाऱ्या अप्पांनी उजवीकडं बोट केलं.

"ग्यानबा, तू मागं राहायलास. ठिव ढोल."

ग्यानबासारखा हात अख्ख्या गोलात कुणाचा नव्हता. त्याच्या बायकोनं, राजूबाईनं, माहेरी सांगावा धाडला होता. त्याचा ढोल ऐकायला जत्रेला गाडी भरून माणसं येणार होती. सोमशेखरनं खरं सांगायला तोंड उघडलं आणि जांभई दिली.

दुसऱ्या दिवशीही ठोका मागं पडला. विरुपाक्ष गेला. मग उद्धवराव. मग बाकीचे. शेवटी सोमशेखर एकटा उरला, आणि मागं राहायला त्याच्या पुढं कुणी नव्हतं.

"आता कसं एकजीव वाजायलंय!" अप्पा म्हणाले.

कबूल करायचंच म्हणून सोमशेखर ग्यानबाच्या गोठ्यात गेला. ग्यानबा पालथ्या घमेल्यावर काठी आपटत बसला होता.

"बरं झालं आलास, सोमा. माझा मला भरवसाच न्हाई राहिला. म्हशीची धार काढताना बी वाटतंय, मागं पडायलोय. तू एकटा टिकलास बाबा. शिकीव मला."

न्हाई म्हणणं बरं दिसलं नसतं. सोमशेखरनं शिकवलं. हात मुळातच गुणी. आठवड्यात ग्यानबा बरोब्बर अर्धा ठोका मागं वाजवू लागला.

मग सोमशेखरनंच रदबदली करून त्याला परत गोलात बसवलं. अप्पांनी खूण केली. दोघांनी काठ्या उचलल्या, आणि आधी दुसऱ्याचा ठोका पडावा म्हणून दोघंही थांबले. थांबूनच राहिले.

"वाजवा की रे!" अप्पांनी घाबरून कान चोळला. "का उजवा बी गेला माझा?"

सोमशेखरला ते बघवेना. तो उठून त्यांच्या उजव्या बाजूला गेला आणि ओरडला, "कान ठीक हाय, अप्पा! मागं मीच राहत होतो. पहिल्या दिवसापासनं मीच!"

"डाव्या अंगाला कामून बसत होतास, ते आता कळलं," अप्पा एवढंच म्हणाले. सोमशेखरचा ढोल गेला, बाकीच्यांना बोलावणी गेली. ग्यानबानं मात्र त्याला बाजूला ओढलं.

"मग मला शिकवलास ते?"

"तेच."

जत्रेला ताफा निघाला. सगळ्यांचा ठोका पडायचा, आणि मागाहून एकट्या ग्यानबाचा. शिकलेलं जाता जात नव्हतं. सोमशेखर मान खाली घालून कडेला उभा राहिला, तो नेमका राजूबाईच्या माहेरच्या माणसांत. गोठ्यातली शिकवणी राजूबाईनं बघितली होती, पण ती कशाची होती हे ग्यानबानं घरी सांगितलं नव्हतं.

"ऐकलास का अण्णा," राजूबाई भावाला कोपरानं ढोसत होती, "बाकीच्यांचं सगळं एकात एक मिसळायलंय. आमच्या ह्यांचा कसा येगळा कळायलाय!"

"व्हय की! कुनी शिकवलं गं?"

राजूबाईनं सोमशेखरकडं बोट केलं. भाऊ वाकला आणि पाया पडला. पाय मागं घ्यायला सोमशेखरला उशीर झाला.