पिवळी पूड

रंगाच्या कारखान्यातल्या डॉक्टरने सरळ कानावर हात ठेवले. "बाई, तुम्ही इथे कधी कामाला होतात? तुमच्या फुप्फुसाच्या कॅन्सरशी आमचा काय संबंध?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याचे कामाचे कपडे भिजवण्याआधी दारात झटकायचे, ही तिची लग्नापासूनची सवय. पिवळी पूड नाकातोंडात जायची. नवरा म्हणायचा, "अगं, आमच्या कारखान्याचे डॉक्टरच सांगतात, या पुडीने कुणाचं काही बिघडत नाही."

तिने पिशवीतून नवऱ्याचा मुद्दाम न धुतलेला शर्ट काढला आणि डॉक्टरच्या टेबलावर उंच धरला. "झटकू?"

नाकाला रुमाल लावून डॉक्टर दाराकडे पळाला.

"अहो, पळता कुठे?" ती खोकत खोकत ओरडली. "मी अजून झटकलासुद्धा नाही!"