तिसऱ्या खुंटीवरचा कोयता

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे. जपानमधल्या ओसाका शहराबाहेर एक टेकडी आहे, तिच्या पायथ्याच्या शेडमध्ये तिसऱ्या खुंटीवर मी असतो. पात्याला बोट लावू नका. म्हातारा झालो तरी कापतो मी!

माझा जन्मच मार खाऊन झाला. लोहाराने मला लालबुंद तापवलं, घणाने बडव बडव बडवलं आणि गार पाण्यात बुडवलं. पुढे निशिदा नावाच्या शेतकऱ्याने मला कमरेला लावलं; सगळे त्यांना मानाने निशिदा-सान म्हणायचे. टेकडीवरचा बांबू वेळेवर तोडला नाही, तर जुनी झाडं गुदमरून मरतात. आम्ही दिवसाला शंभर बांबू आडवे करायचो.

मग एका ठेकेदाराला तिथे गोल्फचं मैदान हवं झालं. त्याची माणसं यंत्र घेऊन आली. निशिदा-सान वाट अडवून उभे राहिले, तर त्यांना दांडक्यांनी झोडपलं, दोन दात पाडले. मला वाटलं, आता मला उपसतात! पण त्यांनी मला कमरेवरून सोडलं आणि लांब गवतात भिरकावलं, रागाच्या भरात हाती लागू नये म्हणून. मी तेव्हा फार चिडलो होतो. पेपरात त्यांचा सुजलेला चेहरा छापून आला आणि देशभरातल्या लोकांनी, शाळकरी पोरांनीसुद्धा, वर्गणी काढून टेकडी विकत घेतली. वारसा जपणारी संस्था उभी राहिली. मीही संस्थेचा झालो. सकाळ-संध्याकाळ हत्यारं मोजायची, एक कमी भरलं तरी सापडेपर्यंत शोधायचं, हा निशिदा-सान यांचा नियम होता.

ब्याण्णव-त्र्याण्णव सालची गोष्ट. सुलेखा नावाची एक मराठी बाई दर रविवारी टेकडीवर संस्थेच्या कामाला यायची. तिचा नवरा शिरीष बँकेत, मुंबईहून बदली होऊन आलेला. बाईचा हात काय चालायचा म्हणता! एका रविवारी संध्याकाळची मोजणी झाल्यावर तिने मला गुपचूप पिशवीत घातलं.

"संस्थेची वस्तू न विचारता आणलीस?" शिरीष म्हणाला.

"उद्या खंडेनवमी आहे. वर्षभर राबतो बिचारा, एक दिवस पूजा नको त्याची? विचारलं तर ते नाही म्हणतील. दुपारी नेऊन ठेवते."

सकाळी तिने मला हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं. खोटं कशाला बोलू, मी सुखावलो. आज मला काम नाही, नुसता मान!

तिकडे निशिदा-सान यांनी सकाळच्या मोजणीला खुंटी रिकामी पाहिली. कालची मोजणी आपलीच चुकली आणि कोयता रानातच राहिला, असं त्यांना वाटलं. वादळ घोंघावत होतं, तरी ते मला शोधायला वर गेले.

दुपारी सुलेखा शेडपाशी पोचली तेव्हा वाऱ्यातून किंकाळी आली. ती पिशवीसकट धावली. एक जुनं झाड बांबूच्या बेटावर कोसळलं होतं आणि वाकलेल्या बांबूंखाली निशिदा-सान यांचा पाय चिरडला होता. तिने मला बाहेर काढलं.

पात्यावरचा लाल रंग बघून ते कळवळले. "रक्त? सुलेखा-सान, तुम्हाला लागलं का?"

"कुंकू आहे, निशिदा-सान. पूजेचं. मीच नेला होता. माफ करा मला!"

"रडू नका. कापा."

मग तिने घाव घातले. ताणलेला बांबू तुटला की चाबकासारखा उसळायचा. एकाने तिचं कपाळ फोडलं. रक्त डोळ्यांत येत होतं, तरी ती थांबली नाही. माझ्या धारेला तीन खाचा पडल्या. निशिदा-सान वाचले, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

सुलेखाला संस्थेतून काढा, असं सभेत पुष्कळ जण म्हणाले. निशिदा-सान कुबड्यांवर उठले आणि म्हणाले, "काढायचं नाही. आजपासून मोजणी त्याच करतील. आणि सुलेखा-सान, पुढच्या वर्षी पूजा इथेच करा. मलाही बोलवा."

तेव्हापासून खंडेनवमीला शेडपुढे सगळी हत्यारं मांडतात. आधी मोजणी, मग हळद-कुंकू. सुलेखाच्या कपाळावरचा व्रण अजून दिसतो.

मित्रांनो, जे सगळ्यांचं आहे त्यावर खुशाल जीव लावा, पण ते न विचारता उचलू नका. कुणीतरी ते शोधत असतं. कुणी मला धार लावायला नेलं, तर तिसरी खुंटी रिकामी दिसते. मग कुबड्यांचं भान न राहून निशिदा-सान मला शोधायला ताडकन उठू बघतात आणि पडतात.