घरचं मत

मतदानाच्या दिवशी सासरे इस्त्रीचा सदरा घालून सकाळीच बाहेर पडले आणि येताना दुधाच्या पिशव्याही घेऊन आले. "झालं सगळ्यांचं," म्हणत खुर्चीत टेकले. म्हणजे सासूबाईंचं, दोन्ही सुनांचं, सगळ्या घराचं मत ते एकटेच देऊन आले होते. गल्लीत घरोघरी असंच चाले. केंद्रावरची माणसं ओळखीची, हरकत कोण घेणार? देशात निवडणुका वेळेवर होऊ लागल्या, याचं कौतुक मात्र सगळ्यांच्या तोंडी. बायकांची उन्हातली पायपीट वाचते, हा तर उपकारच मानायचा!

धाकटी सून चप्पल घालून दारात उभी होती. नव्या हमरस्त्यावरच्या कारखान्यात ती वायरी जोडायची. आज तिथं सुट्टी होती.

"कुठं निघालीस?"

"मत द्यायला, बाबा."

"अगं, दिलं की तुझं!"

"माझं मला द्यायचं होतं."

सासरे हसले. माणूस वाईट नव्हता, तेच अवघड होतं. ती कामाला लागली म्हणून गल्लीनं नावं ठेवली, तेव्हा तेच तिच्या पाठीशी उभे राहिले होते.

"कारखान्यात जाऊ दिलं, ते मला शहाणपण शिकवायला?" आता आवाज चढला.

"तिथं माझी हजेरी दुसऱ्यानं लावलेली चालत नाही, बाबा. मग मत कसं चालतं?"

सासूबाई आत निघून गेल्या. थोरल्या जावेनं मान वर केली नाही. परदेशी कामाला असलेल्या आपल्या नवऱ्याला धाकटीनं फोन लावला. "बाबांना दुखवू नकोस," एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. घर माणसांनी भरलेलं, आणि तिच्या बाजूचं एकही नाही. ती एकटीच निघाली.

केंद्रावरचा अधिकारी म्हणाला, "तुमचं मत झालंय, ताई."

तिनं हात पुढे केला. "मग माझ्या बोटाला शाई कुठंय?"

"घरी जाऊन चहा टाका," रांगेतून कोणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. ती जागची हलली नाही. अधिकाऱ्याची नजर त्या कोऱ्या बोटावरून हटेना. शेवटी त्यानं टेबलाच्या खणातून वेगळी मतपत्रिका काढली. ज्याचं मत दुसऱ्यानंच दिलंय, त्याच्यासाठी ती नियमातच होती. आजवर कोणी मागितली नव्हती, इतकंच.

त्या दिवसापासून ती खोलीत आली की सासरे उठून जात. ताट वाढलेलं असे, पण शब्द कोणाचाच नसे. तिला रडू येई. भल्या माणसाला दुखवल्याचं तिला खरंच वाईट वाटे. केल्याचा पस्तावा मात्र होत नव्हता.

एका दुपारी भांडी घासताना जावेनं नळ मोठा सोडला आणि हळूच विचारलं, "मत देताना आत आपण एकटंच असतो का गं?"

"एकटंच."

"कोणी बघत नाही?"

"कोणी नाही."

जाऊ बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली. "लग्न झाल्यापासून मी अशी एकटी कुठं उभीच राहिले नाही," ती म्हणाली. "भीती वाटते. पण पुढच्या खेपेला निघताना मला हाक मार."