अस्तरावरच्या तीन फुल्या

शनिवारी सकाळी साडेदहाला मी एका राखाडी कोटाचा फोटो टाकला आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याखाली कोणीतरी लिहिलं, "हा टाका ओळखीचा आहे. कुणाचा हात?"

मी दातात दोरा धरून बसले होते. तो तसाच राहिला.

माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. नवं काही मी शिवत नाही. लोक जाड होतात, बारीक होतात, आणि दोन्ही वेळा तोंड पाडून माझ्याकडे येतात. दुकानाच्या मागच्या खोलीत धाकटी बसते. नात्याने ती माझी कोणी नाही. चौदा महिन्यांपूर्वी एक पिशवी आणि सुजलेलं मनगट घेऊन आली, तेव्हा एक्स्चेंजमावशींनी तिला माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "हिचा हात बघ. बाकी काही विचारू नकोस." हात मी बघितला. असा हात मी माझ्या उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. आणि बाकी सगळंही विचारलं, कारण मला राहवत नाही.

तिचा नवरा विमा कंपनीत गाड्यांच्या अपघाताचे फोटो तपासतो. माणूस सांगतो, गाडी झाडाला धडकली. हा फोटो मोठा करकरून बघतो आणि म्हणतो, झाड नव्हे, फाटक. कोपऱ्यातल्या क्षुल्लक वस्तूवरून खोटं पकडायचं, याचाच त्याला पगार मिळतो. ती पहिल्यांदा घर सोडून गेली तेव्हा त्याने आठ दिवसांत तिला शोधलं होतं. मैत्रिणीने वाढदिवसाचा फोटो टाकला होता, त्यात मागच्या भिंतीवर एक घड्याळ होतं. घड्याळावर एका दवाखान्याचं नाव होतं. झालं.

"आणि पुन्हा शोधलं तर?" मी विचारलं होतं. तिने मनगट नुसतं मांडीवर ठेवलं.

आली त्या आठवड्यात मी तिला नवा फोन, नवा नंबर घेऊन दिला. सगळ्या जगाकडे असतं ते मोठ्या कंपनीचं ॲप त्यात टाकलं. फोनमध्ये नंबर दोनच, माझा आणि तिच्या आईचा. तिसऱ्या दिवशी ॲपने अदबीने विचारलं, "तुम्ही यांना ओळखत असाल?" आणि खाली काळ्या चष्म्यातला त्याचा चेहरा, नखाएवढा. हसरा. तिनेच शिवलेल्या शर्टात.

तिच्या आईचा नंबर त्याच्याही फोनमध्ये, हिच्याही फोनमध्ये. तेवढ्यावरून त्या ॲपने जुळवाजुळव केली होती. हाच आगाऊपणा ॲपने तिकडेही केला असेल का? "तुम्ही हिला ओळखत असाल?" असं त्यालाही विचारलं असेल? मी कंपनीला लिहिलं. मिनिटभरात उत्तर आलं की माझं मत त्यांच्यासाठी मोलाचं आहे, आणि या अनुभवाला मी पाचपैकी किती तारे देईन.

धाकटीने त्याच दिवशी सिम मोडलं. आईचा नंबरही पुसला. आईचा फोन जावयानेच घेऊन दिलेला, चालू करून दिलेलाही त्यानेच. तो काय काय बघू शकतो कोण जाणे. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं बंद.

एक्स्चेंजमावशी म्हणजे आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात त्या. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. "लोकांची इतकी बोलणी जोडली," म्हणतात, "ऐकलं सगळं, सांगितलं काही नाही." निवृत्त झाल्यावर त्यांनी कपड्यांच्या कपाटात, चादरींच्या खालच्या कप्प्यात, एक जुना संगणक बसवला आणि त्यावर आमच्यापुरतं सोशल मीडिया सुरू केलं. त्याला आम्ही गल्ली म्हणतो. गल्लीत त्रेसष्ट माणसं. जाहिरात नाही, पाळत नाही, कोणाला ओळखत असाल अशी चौकशी नाही. अशी छोटी छोटी घरं जगभर शेकडो आहेत, प्रत्येकाचा मालक वेगळा, पण एका घरातलं लिहिलेलं दुसऱ्या घरात वाचता येतं. मावशींनी हे मला तीनदा समजावलं. मी तिन्ही वेळा मान हलवली. माझ्या डोक्यात एवढंच शिरलं की ही आपली गल्ली आहे आणि इथे आपल्याला भीती नाही.

म्हणून मी फोटो टाकत होते. दुरुस्तीवाल्यांची खरी मिजास उलट्या बाजूला असते. वरून कोट कोणीही नीट करील, आतून बघा. मी नेहमी कपडा उलटा करून फोटो काढते. त्या राखाडी कोटाचं अस्तर धाकटीने बदललं होतं, इतकं सुरेख की लोकांनी वाहवा करावी असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, मला वाटलं. आणि अस्तराच्या टोकाशी तिच्या नेहमीच्या तीन बारीक फुल्या होत्या, निळ्या दोऱ्याच्या, तिसरी जरा कललेली. काम संपलं की ती तशा घालते. तिची आई घालते म्हणून.

"हा टाका ओळखीचा आहे."

लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, चेहरा नव्हता. खातं दुसऱ्या कुठल्यातरी घरचं. मी फोटो पुसला आणि चहा ठेवला. चहाला उकळी येईपर्यंत मला वाटत होतं की मिटलं. तेवढ्यात मावशी जिना उतरून दुकानात आल्या, चपलाही न घालता.

"पुसलास?"

"पुसला."

"आपल्याकडचा पुसलास. तुझा फोटो लोकांनी पुढे पाठवलाय, अकरा घरी त्याच्या प्रती गेल्यात. पुसा म्हणून निरोप आपोआप जातो, पण तो पाळायचा की नाही ते ज्याच्या त्याच्या हातात."

"पण ही आपली गल्ली ना?"

"गल्ली आपली. गल्लीला रस्ते असतात, बाई. खिडकीत उभी राहून ओरडलीस तर पलीकडे ऐकू जाणारच. खाली एक खूण होती, फक्त गल्लीपुरतं, अशी. ती केली असतीस तर झालं असतं."

ती खूण मला माहीत होती. त्रेसष्ट माणसांची वाहवा मला पुरली नव्हती, एवढंच.

मागच्या खोलीतलं मशीन थांबलं. पडदा बाजूला करून धाकटी उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "ताई, फोटो दाखवा."

माझ्या फोनमध्ये तो होता. तिने दोन बोटांनी मोठा केला, सरकवला, पुन्हा मोठा केला. फुल्यांकडे बघितलंही नाही. कडेकडेने जात राहिली. ती कोणाच्या डोळ्यांनी बघत होती ते मला कळलं.

"इथे," ती म्हणाली.

कॉलरला टाचणीने लावलेली चिठ्ठी. गिऱ्हाइकाचा नंबर, न्यायची तारीख, आणि वर छापील अक्षरांत दुकानाचं नाव आणि रस्ता. प्रत्येक कपड्याला ती असते. रोज चाळीस वेळा हाताखालून जाते. आमच्या धंद्यातल्या माणसाला ती दिसतच नाही, स्वतःचं नाक दिसत नाही तशी.

"मी आज जाऊ का कुठे?" तिने विचारलं. असं, जणू दोरा संपलाय, आणू का?

"कुठे जाशील?"

"तेच तर."

"कोणी कुठे जात नाही," मावशी म्हणाल्या. "आधी मला अकरा पत्रं लिहू दे."

रविवारी दुकान बंद. आम्ही तिघी मावशींच्या पलंगावर बसलो होतो, कपाटाचं दार किलकिलं, आत संगणकाची घरघर. मावशींनी प्रत्येक घराच्या मालकाला वेगळं पत्र लिहिलं. कारण सांगितलं नाही. एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे, कृपया प्रत पुसा, एवढंच. आणि उत्तरं आली. तारे न मागता आली. एका शिक्षकाने लिहिलं, पुसलं, आणखी काही हवं तर सांगा. एकाने लिहिलं, अस्तर फार सुंदर होतं, पुसताना वाईट वाटलं. एका बाईने लिहिलं, मीही एकदा अशी पळाले होते. संध्याकाळपर्यंत दहा घरं झाली.

अकरावं गप्प होतं. टाका ओळखीचा म्हणणारं ते खातं त्याच घरचं होतं.

"याला सरळ विचारू," मावशी म्हणाल्या. "कोण आहेस म्हणून."

"नको!" धाकटी पहिल्यांदा ओरडली. "उत्तर गेलं म्हणजे इथे कोणीतरी आहे हे कळलं."

"विचारलं नाही तर तू रोज त्या पडद्यामागे बसून मरशील. उत्तर माझ्या नावाने जाईल. मला म्हातारीला कोण पळवतंय? असं काही सांग, जे फुल्या नुसत्या बघून कळणार नाही. घालणाऱ्यालाच माहीत असेल."

धाकटीने बराच विचार केला. मग मावशींच्या कानात सांगितलं, माझ्या नाही. त्याचा मला राग आला नाही, असं लिहावंसं वाटतं. मावशींनी फक्त एवढंच लिहिलं, "तिसरी कललेली का?"

सोमवारी दुकान उघडलं. धाकटी मागे बसली होती. तिच्या पडद्याच्या खालून वीतभर फट राहते, तिथून तिला गिऱ्हाइकाचे पाय दिसतात. दाराची घंटा वाजली की मशीन थांबतं, ती पाय बघते, मशीन सुरू होतं. चौदा महिने असंच चाललंय. त्या दिवशी पावणेदहाला घंटा वाजली आणि मशीन थांबलं ते थांबलंच.

चाळिशीचा माणूस, काळे बूट, हातात शर्ट. शांतपणे दुकान न्याहाळत होता. ॲपमधला तो नखाएवढा चेहरा मला आठवेना.

"इथे बाईच शिवतात का?" त्याने विचारलं.

"मीच," मी म्हटलं. "मीच एकटी."

"नाही, मागे मशीनचा आवाज आला."

"ते बिघडलंय, आपोआप चालतं." असलं मशीन जगात नसेल. पण तोंडातून गेलं ते गेलं.

तो माझ्याकडे विचित्र बघत राहिला. मग शर्ट टेबलावर पसरला. बाही लांब होती, दोन बोटं. डाव्या खांद्यापेक्षा उजवा खांदा खाली असलेला साधा भला माणूस होता. मी बाही उलटून बघितली, दोनदा बघितली. कुठे फुली नव्हती. त्याची चिठ्ठी लिहिताना माझं अक्षर इतकं हललं की तोच म्हणाला, "बरं नाही का तुम्हाला? घाई नाही मला."

तो गेल्यावर मी मागे गेले. ती जमिनीवर बसली होती, पाय पोटाशी घेऊन. "बूट त्याचे नव्हते," म्हणाली, "पण नवे घेतले असतील तर?"

सव्वाअकराला मावशींनी वरून हाक मारली. आम्ही दुकानाला कुलूप घालून जिना चढलो. संगणकाच्या पडद्यावर उत्तर होतं:

"तिसरी डाव्या हाताने घालायची. उजव्या हातात तोवर दोरा कापायला कात्री घेतलेली असते. आळशीपणा आहे. पोरीलाही मीच लावला."

धाकटीने तोंडावर दोन्ही हात दाबले.

"थांब," मावशी म्हणाल्या. "रडू नकोस इतक्यात. तो शेजारी बसून लिहवून घेत असेल तर?" आणि त्यांनी विचारलं, "कुठून लिहिताय? फोनवरून?"

आम्ही तिघी वाट बघत राहिलो. त्या बाईला एका बोटाने टाइप करायची सवय असावी.

"लायब्ररीतून. फोन घरी उशीखाली आहे. तो जिथे जातो तिथे जावयाला कळतं, म्हणून मी त्याला बरोबर नेत नाही. जावयाला वाटतंय मी घरीच पडलेय. लायब्ररीचं स्वतःचं घर आहे इथे. शनिवारी बाराला बंद होते, आज उघडली. चौदा महिने शनिवारी येऊन कपड्यांच्या उलट्या बाजू बघतेय. लोक उलटी बाजू फार कमी दाखवतात."

मावशी चष्मा पुसत राहिल्या, दोन्ही काचा, मग पुन्हा पहिली.

पुढचं उत्तर आपणहून आलं. "लायब्ररीतल्या बाईंनी प्रत पुसली, माझ्यासमोर. फोटोत चिठ्ठी होती. मी वाचली, आणि विसरले. जावयाने पाहिलं का ते मला माहीत नाही. पण मी ओळखला तसा तोही टाका ओळखेल, त्याच्या कपाटात अठरा शर्ट आहेत तिच्या हातचे. तिला सांगा, फुल्या बंद कर. मी शनिवारी इथे असते."

"तिला सांगा, असं लिहिलंय," धाकटी म्हणाली. "मी आहे का हेही विचारलं नाही."

"विचारलं असतं तर आपल्याला लिहावं लागलं असतं," मावशी म्हणाल्या. "आई हुशार आहे तुझी. एक्स्चेंजमध्ये असती तर माझी साहेब झाली असती."

खाली येऊन आम्ही दांडीवरचे सगळे कपडे उतरवले. तयार, न्यायचे राहिलेले, तेवीस. दार आतून बंद केलं आणि एकेक कपडा उलटा करून फुल्या उसवायला बसलो. इतक्या बारीक होत्या की कात्रीचं टोक अस्तराला न लागता आत घालताना श्वास धरावा लागे. निळे दोरे ती एका रिकाम्या काडेपेटीत टाकत होती.

"आणि जे कपडे गेले त्यांचं काय?" तिने विचारलं. "चौदा महिन्यांचे?"

"लोकांच्या अंगावर आहेत. अस्तर उलटून कोण बघतं?"

"आई बघते," ती म्हणाली. "तोही."

मी पुढचा कोट घेतला.

तेविसावा झाल्यावर तिने नवीन अस्तर हातात घेतलं, शेवटापर्यंत आली, आणि सुई थांबली. "ताई, आता शेवट कसा करू?"

"सगळे करतात तसा. गाठ मार, काप."

तिने गाठ मारली. उजव्या हातानेच कापली. कपडा लांब धरून बघितला. "हा कुणाचाही वाटतो."

"तेच हवंय," मी म्हटलं, आणि माझंच मला वाईट वाटलं.

मग मी दार उघडलं, पाटी फिरवली. कॉलरच्या चिठ्ठ्या काढून तिथे नुसते आकडे लिहिलेले कागद टाचत बसले. शनिवारला पाच दिवस होते. अर्ध्या तासाने घंटा वाजली. मागे मशीन थांबलं. मीही काउंटरवरून आधी खालीच बघितलं.

तपकिरी सँडल, टाच झिजलेली, पायात एका बोटाला पट्टी. बाई होती. मान वर करायच्या आधी मी मशीन सुरू होण्याची वाट बघितली.